आमचा सेल्फी पॉइंट
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत कुणीतरी विचारलं होतं, शाळेच्या कार्यक्रमात भजी-वड्याच्या स्टॉलशिवाय गटाला दुसरं काय करता येईल? आम्ही गेल्या वर्षी सेल्फी पॉइंट केला. कसा केला न् कुठं चुकला, ते सांगते.

दिवस 3 जानेवारीचा, सावित्रीबाईंची जयंती. म्हणून देखावा शाळेचाच केला. सावित्रीबाई न् जोतीरावांनी 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तसा वाडा, एक दार, दोन खिडक्या, जुन्या चादरीवर रंगवला. पुढं कंदील, पाटी-पेन्सिल, घरातली लुगडी. पोरींनी लुगडं खांद्यावर घ्यायचं न् दारात उभं राहायचं. पाटीवर आपलं नाव आपण लिहायचं, हे शाळेतल्या बाईंनी सुचवलं, आणि तेच पोरांना सगळ्यांत आवडलं. थर्माकोल आणला नाही. 2018 पासून आपल्याकडं त्याच्या सजावटीला बंदी आहे, शिवाय चादर पुन्हा वापरता येते.

पहिली चूक वाऱ्याची. चादर दोन बांबूंना ताणून बांधली होती. ती शिडासारखी फुगली न् सगळी चौकट पुढं आली. खाली दोन पोरी. मी पळत जाऊन धरली. लागलं कुणाला नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. आता बांबूच्या बुडाशी मातीनं भरलेली पोती ठेवतो, मागून दोन तिरके टेकू देतो, वरून काथ्यानं व्हरांड्याच्या खांबाला बांधतो. पोरांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही, हेही आधी बघतो.

दुसरी चूक जास्त लागली. आम्ही फोटोला दहा रुपये ठेवले होते. तिसरीतली एक पोरगी तीनदा रांगेत आली न् पुढं आल्यावर बाजूला झाली. मला वाटलं, लाजते. पैसेच नव्हते तिच्याकडं. आमच्याच गटातल्या ताईंची नात निघाली! फोटो काढला मग तिचा, पण रांगेतल्या पोरांनी पाहिलं ते पाहिलंच. त्या दिवशी 64 फोटोंचे 640 रुपये आले. सामानाला 410 गेले. उरले 230, चौघींच्या दोन दिवसांच्या राबण्याचे.

आता पोरांकडून एक रुपया घेत नाही. शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोलून एकरकमी 1200 ठरवतो, त्यात सगळ्या पोरांचे फोटो. एका शाळेचे पैसे अजून यायचेत, म्हणून अर्धे आगाऊ घेतो. मागायला लाज वाटते, पण मागायचे.

फोटो आई-बापाच्या नाहीतर वर्गशिक्षकांच्या मोबाइलवर. दुसऱ्याची पोर आपल्या स्टेटसला ठेवायची नाही, हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.

चादर माझ्याकडं आहे. कुणाला हवी असेल तर आठ दिवस आधी सांगा. भाडं 150, ते गटाच्या खात्यात जमा होईल. परत देताना धुऊन आणू नका, रंग जातो. झटकून, गुंडाळून आणा.