पाच दिवस आणि बेचाळीस रात्री
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कादंबरी कशी लिहिली यावर बोल, असं मला सांगितलंय. ती अजून छापलेली नाही हे आधीच सांगते, नाहीतर चहाच्या वेळी प्रत मागाल.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. शहागडात हे आज पहिल्यांदाच सांगतेय. ‘आपली इंजिनिअर पोरगी’ म्हणून इथं सत्कार झालेला, त्या शालीची घडीही मोडली नव्हती. आईला फोनवर ‘काम खूप आहे’ म्हणत राहिले. हातात पंचेचाळीस दिवसांचा पगार होता. तेवढ्यात कादंबरी संपवायची, मग नोकरी शोधायची, असं ठरवलं. वेडेपणाच म्हणा. पण सकाळी नऊला लॅपटॉप उघडायची सवय मोडली असती, तर मीही मोडले असते.

धीर दिला तो आपल्या सहावीच्या वर्गानं. आठवतं ना, शनिवारी सर ‘श्यामची आई’ वाचायचे, एका शनिवारी एक रात्र. बेचाळीस रात्रींना वर्ष पुरलं नाही, शेवटच्या काही आपण सातवीत ऐकल्या. त्या पुस्तकाचा बहुतेक भाग साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिला. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात, १३ तारखेच्या पहाटे शेवट. त्यांना पाच पुरले, मला पंचेचाळीस का पुरू नयेत?

हिशेब चुकला. दहाव्या दिवशी बारा हजार शब्द झाले होते आणि त्यातला एकही माणूस माणसासारखा बोलत नव्हता, सगळे निबंध म्हणून दाखवत होते.

मग जरा नीट पाहिलं. गुरुजींची आई गेली १९१७ साली. मधली सोळा वर्षं त्या आठवणी त्यांच्याजवळ होत्या. अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक, म्हणजे रोज! हात तयार होता, मजकूर मुरलेला होता, तुरुंगात सवड तेवढी मिळाली. आमच्याकडेही एका रात्रीत उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरखाली कुणाचं तरी दहा वर्षांचं कोड असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

माझ्याजवळ मुरलेलं काय होतं? पुण्यातली ऑफिसं नव्हेत. गोदावरीवरचा पूल, गेवराईकडून येणारी एसटी, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेली आमची मोसंबीची बाग. टँकरचं पाणी घालूनही वाचली नाही. वडील तेव्हा झाडं तोडून घेताना बांधावर पाठ करून बसले होते. अकराव्या दिवशी बारा हजार शब्द पुसले आणि त्या पाठीपासून सुरुवात केली. चव्वेचाळिसाव्या रात्री शेवटचं प्रकरण संपलं.

संपलं म्हणजे काय, धाकट्या भावाला पाठवलं. त्याचा फोन आला, “ताई, एप्रिलात गोदेला पूर? जायकवाडीतून पाणी सोडलं तरी एवढं येत नाही. आन् हा म्हातारा तिसऱ्या प्रकरणात मेलाय, सातव्यात चहा पितोय.” असल्या चुका काढण्यात आठ महिने गेले. तोवर दुसरी नोकरीही लागली होती. कोणी विचारलं तर मी ‘पंचेचाळीस दिवसांत लिहिली’ असं सांगत नाही.

बागेचं प्रकरण आईला वाचून दाखवायचं, तर ते कधी लिहिलं हे सांगणं भाग होतं. नोकरी गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, “मला तवाच कळलं व्हतं. दुपारचा फोन पहिल्या रिंगला उचलायला लागलीस.” मग म्हणाली, “वाच.” मधे एकदाच थांबवलं. वडील पाठ करून बसले होते ते बांधावर नाही, विहिरीच्या कठड्यावर. ते बदललंय.

एक स्पायरल प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवून जातेय. समास मोठा सोडलाय. आपल्या बाजाराचं, नदीचं काही चुकलेलं दिसलं तर पेन्सिलीनं लिहा. सर, तुम्ही लाल पेननं लिहिलंत तरी चालेल.