मांजराला घर देताना



आश्रयगृहातील मांजर घरी आणणे म्हणजे बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी स्वीकारणे होय. तत्पूर्वी शाकाहारी कुटुंबाने एकत्र बसून एका प्रश्नाचा निर्णय करावा. मांजर हा निसर्गतःच मांसाहारी जीव आहे. केवळ दूधभातावर त्याचे पोषण होत नाही. आहारात टॉरिन हे द्रव्य नसल्यास त्याची दृष्टी जाते, हे १९७५ साली, तर हृदय दुर्बळ होते, हे १९८७ साली संशोधनाने दाखवून दिले. त्याचा योग्य आहार घरात चालणार नसेल, तर घराचे व्रत त्या मुक्या जीवावर लादू नये. आश्रयगृहातील मांजरांच्या निर्बीजीकरणाचा आणि रेबीजच्या लसीचा खर्च उचलावा. चालणार असेल, तर अवश्य आणावे आणि प्रथम काही दिवस शांत खोलीत ठेवावे. जीवाला त्याच्या प्रकृतीसह स्वीकारणे, हीच जीवदया.

जय जिनेंद्र!