एका खुर्चीत दोन अधिकारी

डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या दहा जणांना विचारा, की तुमचे शहर कोण चालवते? कोणी नगरसेवकाचे नाव घेईल, कोणी आमदारांचे, कोणी पालकमंत्र्यांचे. तीन-चार जण तरी महापौर म्हणतील. झगा, साखळी, सभागृहातली उंच खुर्ची हे सगळे पाहिल्यावर तसे वाटणे साहजिक आहे. शिवाय न्यूयॉर्कचा किंवा शिकागोचा मेयर पोलिसप्रमुख नेमतो, अंदाजपत्रक मांडतो, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेले असते. आपला महापौर यातले काहीही करत नाही. तो सभेचा अध्यक्ष असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ज्या कायद्याखाली चालतात, त्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांच्या हाती दिला आहे. आणि आयुक्तांना नेमते राज्य सरकार.

म्हणजे मग निवडून दिलेल्या मंडळींच्या हाती काय राहिले? पैसा आणि प्रश्न. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, पण ते आधी सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे आणि तिथून महासभेपुढे जाते. ठरावीक रकमेच्या वरच्या ठेक्यांना स्थायी समितीची मान्यता लागते. करांचे दर महासभा ठरवते. आयुक्तांनी काम करायचे, आणि ते का, कसे, किती पैशांत, हे सभागृहाने विचारायचे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी आली मुंबईहून. १८६५ च्या कायद्याने तिथे आयुक्ताचे पद निर्माण झाले आणि ऑर्थर क्रॉफर्ड पहिले आयुक्त झाले. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारे, मंडया यांचा सपाटाच त्यांनी लावला. पण खर्चाला धरबंध राहिला नाही, नगरपालिका कर्जात बुडाली आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. त्या वादात पंचविशीतल्या फिरोजशहा मेहतांनी मांडलेली भूमिका आजही विचार करण्यासारखी आहे. हुकमत चालवणारा अधिकारी एकच असावा, समित्यांनी कामे करू नयेत, पण त्या अधिकाऱ्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट जणांची सभा आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. हिशेबावर नजर ठेवायला वेगळी छोटी समितीही आली. आजच्या स्थायी समितीची ही आजी म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिली गेली, तेव्हा तिथल्या मंडळींपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता. त्यांनी काँग्रेसच्या हाती तिजोरी दिली, राष्ट्राध्यक्षाच्या हाती अंमलबजावणी. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे विधेयक अडवू शकतो. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले, तर त्याचा नकार संपतो. कायदा घटनेत बसतो की नाही, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाने १८०३ च्या एका खटल्यात स्वतःकडे घेतला. माणसे सज्जन निघतील, या भरवशावर ही रचना उभी नाही. अधिकार मिळालेला माणूस तो ताणून पाहणारच, तेव्हा दुसऱ्याच्या हाती दोरी हवी, एवढाच साधा व्यवहार त्यात आहे.

ठाण्याला हा व्यवहार कळायला अमेरिकेत जावे लागत नाही. स्थायी समिती ही देखरेखीची जागा. पण देखरेख करणाराच वाटेकरी झाला तर? ठेक्यांमधल्या टक्केवारीची चौकशी नंदलाल समितीने केली, तेव्हापासून ‘४१ टक्के’ हा आकडा ठाणेकरांच्या तोंडी बसला. याच ठाण्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर आयुक्त होते. त्यांनी रस्ते रुंद केले, आड येणारी बांधकामे पाडली, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गाच्या मनात एक समीकरण पक्के झाले आहे. नगरसेवक म्हणजे अडथळा, आयुक्त म्हणजे काम. मला हे समीकरण धोक्याचे वाटते. चांगला आयुक्त मिळणे हे नशीब आहे. नशिबाला व्यवस्था म्हणता येत नाही.

आयुक्त सभागृहाला नको असेल तर? कायद्यात सोय आहे. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्ताला परत बोलवावे. कल्याण-डोंबिवलीच्या १२२ जणांच्या सभागृहात त्यासाठी ७७ मते लागतील, ठाण्याच्या १३१ जणांत ८२. शेजारच्या नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. पाच-अष्टमांशाच्या कितीतरी वर. तरी सरकारने तो मानला नाही आणि मुंढे मार्च २०१७ मध्ये बदली होईपर्यंत तिथेच राहिले. मुंढे बरोबर की नगरसेवक, यावर आजही कट्ट्यांवर वाद घालता येईल. मुद्दा वेगळा आहे. दोरीचे एक टोक सभागृहाच्या हाती आहे असे कायदा सांगतो, आणि प्रत्यक्षात दोन्ही टोके मंत्रालयात निघतात.

दुसरे टोक म्हणजे कलम ४५१. महासभेचा एखादा ठराव कायद्याविरुद्ध किंवा जनहिताविरुद्ध आहे असे सरकारला वाटले, तर ते तो स्थगित करू शकते, रद्द करू शकते. पालिकेच्या भाषेत याला ‘विखंडन’ म्हणतात. आरक्षित भूखंड वाटून टाकणारा, पालिकेला खड्ड्यात घालणारा ठराव थांबवायला हे कलम हवेच. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने नकार दिला तर काँग्रेसला पुढची पायरी असते. विखंडित झालेल्या ठरावाला सभागृहात पुढची पायरी नाही. उरते ते न्यायालय.

अमेरिकेचे उदाहरण घेताना तिथले सगळेच सोन्याचे, असे मात्र समजू नये. तिथल्या राज्यघटनेत शहर हा शब्दच आलेला नाही. शहरे ही राज्यांची लेकरे, राज्य देईल तेवढेच त्यांचे अधिकार, असे आयोवा राज्यातल्या डिलन नावाच्या न्यायाधीशांनी १८६८ मध्ये सांगितले आणि ते तत्त्व अनेक राज्यांत टिकून आहे. आपण त्या बाबतीत पुढे गेलो. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि नगरपालिका थेट राज्यघटनेत आल्या. त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम अधिकारांचे नाही, मुदतीचे आहे. पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ‘जमल्यास’ हा शब्द त्यात नाही. २००६ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले.

आता कल्याण-डोंबिवलीकडे पाहा. महापालिका स्थापन झाली १ ऑक्टोबर १९८३ रोजी. पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. मधली जवळजवळ बारा वर्षे प्रशासक. घटनादुरुस्तीनंतर असे पुन्हा होणार नाही, असे वाटले होते. पण २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. आधी करोना होता, ते समजण्यासारखे. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. मग प्रभाग किती सदस्यांचा, यावर सरकारे बदलली तसे निर्णय बदलले. प्रभागरचनेचा अधिकारही विधिमंडळाने २०२२ मध्ये निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. (अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत मतदारसंघाच्या रेषा सत्ताधारीच आखतात आणि त्यावरून तिथे बारमाही भांडणे चालतात. सगळेच गुण घ्यावेत असे नाही!) ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवून दिली, तेव्हा कुठे मतपेट्या, म्हणजे आता यंत्रे, बाहेर निघाली.

अमेरिकेत १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू होते. देश दुभंगला होता आणि लिंकन स्वतः हरण्याच्या भीतीत होते. तरीही नोव्हेंबरात मतदान झाले, कारण तारीख कायद्याने ठरलेली होती आणि ती पुढे ढकलणे राष्ट्राध्यक्षाच्या हातात नव्हते.

या काळात आपल्या दोन्ही शहरांत काय झाले? आयुक्तच प्रशासक झाले. महासभेचे, स्थायी समितीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे आले. प्रस्ताव आयुक्तांकडून जायचा, मंजुरी प्रशासकाने द्यायची आणि खुर्ची एकच. याला ‘प्रशासकीय ठराव’ म्हणतात. कामे थांबली असे मुळीच नाही; काही तर झपाट्याने झाली असतील. पण सभेपुढे विषय येतो, तेव्हा त्याचा गोषवारा आधी छापून वाटला जातो, पत्रकारांच्या हाती पडतो, विरोधी नगरसेवक उठून विचारतो, की दर वाढला का, मुदत का वाढवली. कधी तो केवळ अडवणुकीसाठी विचारतो, हेही खरे. तरी उत्तर इतिवृत्तात नोंदवले जाते. एकाच खुर्चीतल्या दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारल्याचे इतिवृत्त कुठून असणार?

आणि तरीही या वर्षांत सभागृहाची किंमत न्यायालयाने दाखवून दिली, ती सत्तावीस गावांच्या निमित्ताने. ही गावे २००२ मध्ये महापालिकेतून निघाली, जून २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये सरकारने त्यातली अठरा पुन्हा वेगळी काढली. गावकऱ्यांची स्वतंत्र पालिकेची मागणी जुनी होती, तिच्यात तथ्यही होते. पण हद्द बदलायची तर महापालिकेशी विचारविनिमय करून, असे कायद्याचे शब्द आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ती अधिसूचना रद्द केली. आयुक्तांचा अभिप्राय मागवणे म्हणजे महापालिकेला विचारणे नव्हे, असा त्याचा अर्थ. महापालिका म्हणजे निवडून आलेली सभा. गंमत अशी, की हा निकाल लागला तेव्हा त्या सभेची मुदत संपून महिनाही झाला नव्हता, आणि ती पुढची पाच वर्षे भरणार नव्हती.

अधिकार वाटणे वेगळे आणि जबाबदारी विखरणे वेगळे. १९१४ सालचा कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ बंद होता. रेल्वे, रस्ते विकास महामंडळ, महापालिका, प्रत्येकाकडे कामाचा तुकडा होता. उशिराबद्दल कोणाला विचारायचे, हे रोज वळसा घालून जाणाऱ्या प्रवाशाला कळत नव्हते. अधिकारांच्या वाटणीत एकजण दुसऱ्याला अडवू शकतो, पण कोणी अडवले हे दिसते. इथे तेच दिसत नाही.

आता दोन्ही शहरांत सभागृहे आहेत. आधीच्या वर्षांतले प्रशासकीय ठराव मात्र दप्तरात आहेत. ते नव्या नगरसेवकांना सभेत मागता येतील. त्यांनी नाही मागितले, तर तुम्हा-आम्हालाही माहितीच्या अधिकारात मागता येतील. अर्जाला दहा रुपये, आणि प्रतीला पानामागे दोन रुपये.