फरशी पुलाचे पाइप कोण साफ करणार?

आजचा भाग जुन्या पुलांबद्दल आहे. गोव्यात जायचंय, इंग्लंडलाही एक चक्कर मारायचीय. पण सुरुवात आमच्या धडगावपासून करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका. सातपुड्याचे डोंगर, उत्तरेला नर्मदा, आणि मध्ये नाले, ओढे, नद्या. पाडे विखुरलेले. पावसाळ्यात नाला आला की पाडा तुटला.

मी दहावीत होतो. जुलै महिना. माझ्या काकूला पहाटे कळा सुरू झाल्या. गाडी पाड्यापर्यंत येत नव्हती, म्हणून बांबूला झोळी बांधली आणि चौघांनी उचलली. नाल्यापर्यंत आलो तर फरशी पूल पाण्याखाली. पलीकडे गाडी उभी दिसतेय, आणि आम्ही अलीकडे. तीन तास. पाऊस, वर धरलेलं प्लॅस्टिक, आणि काकूचा आवाज. शेवटी पाणी उतरलं, पोहोचलो. काकू वाचली, बाळही वाचलं. तो पोरगा आता सातवीत आहे.

पण मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. पाणी ओसरल्यावर आम्ही पोरं नाल्यावर गेलो. फरशी तशीच शाबूत. पण खालचे पाइप? एकात सागाचं ओंडकं अडकलेलं, दुसऱ्यात दगडगोटे, तिसऱ्यात पालापाचोळा आणि गाळ. म्हणजे पाण्याला खालून जायला वाटच नव्हती. मग ते वरून जाणार नाही तर काय करणार?

हा प्रश्न डोक्यात राहिला. बरीच वर्षं राहिला. त्याचं उत्तर मला सापडलं पणजीत.

पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला कोण कोण गेलंय? एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. साधा रस्ता वाटतो. पण तो रस्ता म्हणजे पूल आहे! जवळपास तीन किलोमीटर लांबीचा. नाव पोंते दि लिन्हारेस. पोर्तुगीज व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्हारेसचा काउंट, त्याच्या काळात १६३३-३४ मध्ये बांधलेला. शिवराय तेव्हा चार वर्षांचे होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्याला मध्ययुग म्हणतात, त्या काळातलं हे काम. जांभ्या दगडाचं. आज त्यावर डांबर आहे, गाड्या पळतात.

आता विचार करा. ती सगळी सखल जमीन. भरती-ओहोटीचं पाणी रोज आत येतं, बाहेर जातं. पावसाळ्यात वरून पूर. अशा जागी तीन किलोमीटरचा सलग बांध घातला असता तर काय झालं असतं? तो धरण झाला असता. एका बाजूला पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला उतरलेलं. चढलेलं पाणी भिंतीला ढकलत राहतं, फटींतून झिरपतं, माती नेतं, आणि एक दिवस भगदाड पडतं. शिवाय मिठागरांना भरतीचं पाणी लागतं, ते बंद पडलं असतं.

म्हणून त्यात ठिकठिकाणी कमानी ठेवल्या. पाणी इकडून तिकडे जातं, दोन्ही बाजूंची पातळी सारखी होत राहते. बांधाची उंचीही बेताची. त्या पुलाने पाण्याशी कुस्ती केलीच नाही. त्याला वाट दिली.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. थांबा. तसं नाही. त्याच मांडवीवर १९७० च्या सुमारास काँक्रीटचा नेहरू पूल झाला आणि ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. पुन्हा फेरीबोटी आल्या. कारण काय? काँक्रीटच्या आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच कळलं. लाइव्ह गेलेल्या कोडकडे कोणी बघत नसेल, तर तो चालतोय म्हणजे बरा आहे असं नसतं.

म्हणजे दोन गोष्टी लागतात. पाण्याला वाट, आणि ती वाट मोकळी आहे का हे बघणारं कोणीतरी.

दुसऱ्या गोष्टीसाठी इंग्लंडला जाऊ. विल्टशायरमध्ये चिपनम नावाचं बाजाराचं गाव आहे, एव्हन नदीच्या पूरपट्ट्यातलं. तिथे मॉड हीथ नावाची एक विधवा बाई होती. लोक सांगतात की ती अंडी विकायला बाजारात चालत जायची, चिखलातून, पाण्यातून. आपल्याकडे डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजाराला येणाऱ्या बायका आठवा, तशीच. १४७४ च्या सुमारास तिने आपली मिळकत एका कामासाठी देऊन टाकली: बाजाराला जाणारी पायवाट कोरडी राहावी. सुमारे सात किलोमीटरची ती वाट आजही आहे. नदीजवळ ती ६४ कमानींवर उचललेली आहे. या कमानी नंतरच्या काळातल्या, पण वाट तीच. आणि तिच्या नावाचा ट्रस्ट आजही तिची देखभाल करतो.

बघा, पैसे फक्त बांधायला दिले असते तर शंभर वर्षांत सगळं चिखलात गेलं असतं. तिने दुरुस्तीची सोय केली. दरवर्षीची.

आता परत धडगावला. फरशी पूल वाईट नाही. स्वस्त आहे, लवकर होतो, आणि पूर वरून जाऊ देण्यासाठीच तो केलेला असतो. पण डोंगरातला नाला नुसतं पाणी आणत नाही. दगड आणतो, झाडं आणतो. छोटे पाइप पहिल्याच पुरात तुंबतात. मग पाणी लवकर वर चढतं, उशिरा उतरतं, आणि कडेची माती खरवडतं. तुम्ही पाहिलं असेल: फरशी जागेवर आणि दोन्हीकडचा जोडरस्ता गायब!

सगळीकडे उंच पूल हवेत, मागणी करत राहू. पण तोवर? आपल्या तालुक्यात पेसा लागू आहे. पेसा गावांच्या ग्रामपंचायतींना ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो पायाभूत सुविधांवरही खर्च करता येतो. मे महिन्यातल्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडा: पावसाआधी एकदा आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाणी उतरलं की पुन्हा, फरशीचे पाइप साफ करायचे. कोणी करायचे, किती मजुरी, हे लिहून घ्या. नवीन फरशी मंजूर होत असेल तर विचारा, पाइप केवढे? ओंडका आरपार जाईल का?

आणि एक विनंती. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. गुडघाभर दिसतं, पण वाहतं पाणी पाय काढून घेतं. कडेची फरशी खाली शिल्लक आहे की नाही, वरून कळत नाही.

त्या दिवशी आम्ही पोरांनी पहार लावून ते ओंडकं काढलं होतं. अर्धा तास लागला. आदल्या आठवड्यात कोणी तो अर्धा तास दिला असता, तर काकू कदाचित तीन तास पावसात पडून राहिली नसती.

तुमच्या गावच्या फरशीखाली एकदा वाकून बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.