एमओयूंच्या आधीचं दावोस



दर जानेवारीत आपल्याकडे एक शब्द सगळ्या न्यूज चॅनेलवर फिरतो. दावोस. मुख्यमंत्री गेले, इतक्या लाख कोटींचे करार झाले, मग विरोधक विचारतात, मागच्या वर्षीच्या करारांचं काय झालं? पण ही परिषद तिथे 1971 पासून भरतेय. त्याच्या कितीतरी आधी, काही शतकं दावोस म्हणजे एक कोर्ट होतं. आज त्या कोर्टाची गोष्ट.

दावोस स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, आल्प्समधल्या एका दरीत आहे, उंची साधारण 1560 मीटर. 1289 मध्ये फाट्स नावाच्या सरदार घराण्याने तिथे जर्मन बोलणाऱ्या वाल्सर लोकांना वसवलं. अट सोपी होती. खंड भरा, गरज पडली तर आमच्यासाठी लढा. बदल्यात जमीन वंशपरंपरेने तुमची, आणि न्याय करणारा प्रमुख, ज्याला ते आम्मान म्हणायचे, तो तुम्हीच निवडायचा. इतक्या उंचावर, इतक्या थंडीत राहायला माणसं हवी असतील तर काहीतरी द्यावंच लागतं ना! त्यांनी अॅडमिन राइट्स दिले.

तिकडे कोर्ट आणि परगणा या दोन्हींसाठी शब्द एकच होता, गेरिश्ट. म्हणजे तुमचा भांडणतंटा जिथे सुटतो, तेच तुमचं राज्य. मला हे फार आवडलं. नकाशावर रेघ मारून जिल्हा बनवलेला नाही, कोणाचा निवाडा मान्य करायचा यावरून बनलाय.

1436 मध्ये टोगेनबुर्गचा शेवटचा काउंट वारस न ठेवता मेला. आता आपले तुकडे करून वाटतील, या भीतीने आजूबाजूची कोर्टं दावोसला एकत्र आली आणि त्यांनी एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. हाच दहा न्यायक्षेत्रांचा संघ. त्याचं मुख्य ठिकाण दावोस.

तरी मालकी हक्क विकले गेलेच. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दहापैकी आठ कोर्टांवरचे हक्क ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याने घेतले. बरीच वर्षं ते कागदावरच राहिले म्हणा. दरम्यान बहुतेक लोक प्रोटेस्टंट झाले, हॅब्सबर्ग मात्र कट्टर कॅथलिक. मग तीस वर्षांचं युद्ध आलं आणि ऑस्ट्रियाचं सैन्य दरीत शिरलं. लोकांची शस्त्रं काढून घेतली, धर्म बदलायची सक्ती सुरू झाली. एप्रिल 1622 मध्ये शेजारच्या प्रेटिगाउ खोऱ्यातले शेतकरी लाकडी सोटे घेऊन उठले आणि त्यांनी सैन्याला हाकलून लावलं. सोटे घेऊन, मंडळी! पण काही महिन्यांतच सैन्य परत आलं, गावं जाळली, आणि त्याच वर्षीच्या लिंडाऊच्या तहाने ती आठ कोर्टं ऑस्ट्रियाच्या हाताखाली गेली.

शेवटी सुटका कशी झाली? पैसे मोजून. 1649 ते 1652 या काळात या कोर्टांनी ऑस्ट्रियाचे हक्क चक्क विकत घेतले. युद्ध, दुष्काळ, रोगराई सोसलेल्या शेतकऱ्यांनी गोळा केलेले पैसे.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण त्याच 1650 च्या दशकात प्रेटिगाउमध्ये चेटकिणींचे खटले पेटले. तिथल्या बोलीत त्या काळाला 'मोठं चेटकीण-हत्याकांड' अशा अर्थाचं नाव आहे. मृत्युदंड द्यायचा अधिकार आता गावाच्याच कोर्टाकडे होता, वर विचारणारा कोणी नाही. आरोप करणारे शेजारी आणि निकाल देणारेही शेजारीच. लोकांनी एवढं मोजून आणलेलं स्वातंत्र्य सगळ्यात आधी ज्यांच्यावर चाललं, त्यात बहुतेक बायका होत्या.

अजून एक. हा संघ आणि त्याचे दोन भाऊ-संघ मिळून 1512 पासून दक्षिणेकडच्या वाल्तेलिना दरीवर राज्य करत होते, ते थेट 1797 पर्यंत. तिथल्या लोकांना आपला न्यायाधीश निवडायचा हक्क नव्हता. इथून नेमलेला अधिकारी जायचा, आणि ही पदं पैसे देऊन मिळवली जायची. म्हणजे पदासाठी घातलेले पैसे वसूल कुठून होणार, हे सांगायला नको.

1803 मध्ये ग्राउब्युंडेन स्विस कँटन झालं. 1850 च्या आसपास जुनी कोर्टं मोडून नवे जिल्हे केले. पुढे दावोसचा जिल्हा प्रेटिगाउबरोबर एक झाला, आणि 2016 पासून तोही गेला, आता त्याला 'प्रदेश' म्हणतात.

दावोसचं जुनं राटहाउस, म्हणजे कचेरी, अजून उभी आहे. त्यातला लाकडी दिवाणखाना 1564 सालचा. पुढच्या जानेवारीत टीव्हीवर दावोस दिसलं की बर्फ आणि कोट-टायमागे ती इमारत दिसते का बघा, आणि दिसली तर स्क्रीनशॉट मला पाठवा.