खेड्यांतील दवाखाना आणि शिकाऊ डॉक्टर
(ज्युबिली महोत्सवांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागल्या वर्षांच्या आठवणी सांगाव्या, ही रीत आहे. आम्ही आज ती रीत मोडणार आहोंत, त्याबद्दल क्षमा असावी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं महाराष्ट्रांतील १० सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें. त्यांत आपल्या वाशीमचेंही एक आहे. वर्षाला १०० विद्यार्थी. ज्या जिल्ह्याचा जन्म १९९८ चा, त्यास ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हे विद्यार्थी शिकणार कोणापासून? ग्रंथांपासून व अध्यापकांपासून तर खरेंच. पण त्याहून अधिक आपल्या आजारी माणसांपासून. रिसोडचा शेतकरी, मानोऱ्याची बाळंतीण, कारंज्याचा हमाल, हींच त्यांचीं पुस्तकें.

रोग्याची शुश्रूषा वाशीमास नवी नाहीं. १९३६ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या नाझरीन मिशनच्या बाईंनीं येथील एका जुन्या शाळेच्या इमारतीचें रुग्णालय केलें. तेंच रेनॉल्ड्स मेमोरियल ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. त्यांचा पंथ निराळा, आपला निराळा. ताप मात्र पंथ विचारून येत नाहीं.

खेड्यांतल्या दवाखान्यांत काय शिकावयास मिळतें, हें एका उदाहरणानें सांगूं. १९७६ सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर हे नागपुरास शिकलेले तरुण डॉक्टर कोंकणांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या बाजूस तांबड्या विंचवाच्या दंशानें माणसें मरत, मुलें तर फारच. आणि ग्रंथांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं रात्री काढल्या. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, सर्व टिपून ठेविलें. विष हृदयावर घाला घालतें आणि फुप्फुसांत पाणी सांचून रोगी दगावतो, हें त्यांनीं ओळखलें व रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध देऊन पाहिलें. पूर्वीं शेंकडा ४० च्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १ च्या आसपास आलें. शहरांतील मोठ्या रुग्णालयांत ही विद्या हातीं लागती ना. कारण विंचू चावलेलें पोर तेथवर जिवंत पोंचतच नसे.

आपल्याकडेही असे पाठ आहेत. जमिनीवर निजलेल्या माणसास रात्रीं मण्यार डसते. दंशाची खूण दिसत नाहीं, सूजही येत नाहीं. पहाटे पोट दुखतें, पापण्या जड होतात, बोलणें बोबडें होतें. ज्यानें हें पूर्वीं पाहिलें नाहीं, तो पोटदुखीची गोळी देऊन घरीं पाठवील. सोयाबीन-कपाशीवर औषध फवारतांना होणारी विषबाधा, विदर्भांतील सिकलसेलचा आजार, अंगांत रक्त नसतांनाही निंदणीस जाणारी बाई, हे सारे पाठ येथलेच.

तथापि ह्यास दुसरी बाजू आहे, आणि तीसाठींच आम्ही उभे राहिलों. एका रुग्णालयांत आम्हीं पाहिलें, एका म्हाताऱ्या बाईभोंवतीं दहा-बारा विद्यार्थी उभे होते. प्रत्येकानें तिचें पोट चांचपलें. पडदा ओढावा हें कोणास सुचलें नाहीं, आणि तिचें नांवही कोणीं विचारलें नाहीं. ते गेल्यावर ती आम्हांस म्हणाली, “बापा, मले काय झालं, हे कोणीच सांगलं नाही.” त्या मुलांना दुष्ट म्हणतां येणार नाहीं, त्यांना कोणीं शिकविलेंच नव्हतें. श्रीमंत देशांतील कांहीं विद्यार्थीही आफ्रिकेंत व आशियांत चार-सहा आठवड्यांसाठीं येतात, आणि स्वदेशीं जी शस्त्रक्रिया करण्याची त्यांस अनुज्ञा नसते, ती येथें गरिबांवर करून पाहतात. त्यावर तिकडच्याच सुज्ञ डॉक्टरांनीं टीका केली आहे. गरिबाचें शरीर ही कच्ची पाटी नव्हे.

मग भेद कोठें आहे? आमच्या मतें तो परत येण्यांत आहे. सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं स्थापिलें. तेथें प्रत्येक तुकडीस एक गांव नेमून दिलेलें असतें. पहिल्याच वर्षीं विद्यार्थी १५ दिवस त्या गांवांत मुक्काम करितात, आणि पुढेंही त्याच घरीं, त्याच माणसांकडे जात राहतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगानेंही अलीकडे सर्वच विद्यार्थ्यांस खेड्यांतील तीन-पांच कुटुंबें ‘दत्तक’ घ्यावयास लाविलें आहे. हा शब्द आम्हांस गमतीचा वाटतो. एकोणीस वर्षांचें पोर सत्तरीच्या आजीस दत्तक घेणार, कीं आजी त्या पोरास?

शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता, असें संत पौल लिहितो. दयाळू शमरोनी माणसाची गोष्ट चौघांपैकीं त्यानें एकट्यानेंच लिहून ठेविली. त्या शमरोन्यानें जखमांस तेल व द्राक्षारस लाविला, हें आपण सर्वांना सांगतों. पण उतारशाळेच्या मालकास, मी परत येईन तेव्हां अधिक लागलेला खर्च देईन, असें तो सांगून गेला, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं. वैद्यानें तें बरोबर टिपलें.

तेव्हां हे विद्यार्थी दारीं आले म्हणजे त्यांस घरांत घ्या, पाणी द्या. ‘टोंगळे दुखतात’ असें सांगितलें तर मुंबईच्या मुलास तें कळणार नाहीं. त्यास गुडघा दाखवा आणि शब्दही शिकवा. शरीर तपासूं द्यावयाचें कीं नाहीं, हें आपण ठरवावें. नाहीं म्हणण्याचा आपणांस हक्क आहे. काय आढळलें, तें आपल्या भाषेंत सांगावयास लावा. जातांना त्याचें नांव विचारा, आणि पुन्हां कोणत्या दिवशीं येणार तेंही. तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच्याच हातानें लिहून घ्या.