पीएच.डी. सार्वजनिक आरोग्यात

सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करायला डॉक्टरच असावं लागतं, असं नाही. समाजशास्त्र, समाजकार्य अशा विषयांच्या विद्यार्थ्यांनाही अनेक संस्थांची दारं खुली असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला साधारणपणे ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. प्रवेशासाठी उपयोगी पडणाऱ्या यूजीसीच्या नेट परीक्षेत ‘सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य’ हा स्वतंत्र विषय आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू) ही या अभ्यासाची नावाजलेली केंद्रं.

अर्जाचा खरा कस लागतो संशोधन आराखड्यात. ‘महाराष्ट्रातील कुपोषण’ हा विषय अफाट आहे. त्याऐवजी, एका तालुक्यातल्या स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांच्या मुलांना अंगणवाडीचा आहार मिळतो का, असा नेमका प्रश्न घ्या. माहिती कशी गोळा करणार, तेही लिहा. आपल्या गावाशिवारातले असे प्रश्न अभ्यासकांची वाट पाहत आहेत. जरूर अर्ज करा!